विश्लेषण : घड्याळांच्या संग्रहात ‘ड्रेस वॉच’ हवेच का?

घरात लग्न ठरले की कपडे, बूट आणि दागिन्यांपाठोपाठ घड्याळाचा विषय निघतो. सूट शिवायला टाकलेला असतो आणि मनगटावर मात्र जिमपासून ऑफिसपर्यंत चालणारे स्मार्टवॉच किंवा जाडजूड डायव्हर घड्याळ असते. मग कुणीतरी सल्ला देते, ‘एक ड्रेस वॉच घेऊन टाक’. घड्याळांची आवड असलेल्यांमध्ये तर हा जवळजवळ नियमच आहे. एक रोजचे, एक पाण्यातही चालणारे आणि एक ड्रेस वॉच, अशी तीन घड्याळे झाली की संग्रह पूर्ण, असे मानले जाते. हप्त्यांची सोय असल्याने हा नियम पाळणे सोपेही झाले आहे. पण वर्षातून चार-पाच वेळा कपाटाबाहेर येणाऱ्या घड्याळासाठी महिन्याचा पगार घालवावा का? हा नियम आला कुठून, तो आपल्याकडच्या कपड्यांना आणि हवामानाला लागू पडतो का आणि घ्यायचेच असेल तर काय पाहावे, हे समजून घेऊ.

ड्रेस वॉच म्हणजे नेमके काय?

ड्रेस वॉचची कोणतीही अधिकृत व्याख्या नाही. डायव्हर घड्याळासाठी आयएसओचे मानक आहे; त्यात पाण्याचा दाब, अंधारात वाचता येणे अशा कसोट्या ठरलेल्या आहेत. ड्रेस वॉचसाठी असे काहीही नाही. तरीही काही खुणा सर्वमान्य आहेत. घड्याळ पातळ असावे, म्हणजे शर्टाच्या कफखाली सहज सरकेल. व्यास साधारण ३४ ते ३९ मिलिमीटर असावा. तबकडी साधी, दोन किंवा तीन काटे, आकड्यांऐवजी बारीक रेषा किंवा रोमन अंक. फिरणारी बाहेरची कडी नाही, स्टॉपवॉचची बटणे नाहीत. पट्टा बहुधा काळ्या किंवा तपकिरी चामड्याचा.

थोडक्यात, वेळ सांगण्यापलीकडे ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, ते ड्रेस वॉच. तारीखही नसली तर उत्तम, असे जाणकार म्हणतात. त्यामागे दिसण्याचा मुद्दा आहेच, पण एक तांत्रिक सोयही आहे. तिच्याबद्दल पुढे.

हा प्रकार सुरू कसा झाला?

आज गंमत वाटेल, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जात असे. पुरुष साखळीचे घड्याळ खिशात ठेवत. पहिल्या महायुद्धाने हे चित्र बदलले. खंदकात उभ्या असलेल्या सैनिकाला हल्ल्याची वेळ पाहण्यासाठी खिशात हात घालणे परवडणारे नव्हते. युद्धावरून परतलेल्या पुरुषांच्या मनगटावर घड्याळ आले आणि ते मर्दानी ठरले.

याच काळात फ्रान्समधील कार्टिए या जवाहिऱ्यांच्या पेढीने मनगटासाठीच आखलेली घड्याळे आणली. वैमानिक आल्बेर्तो सान्तोस-दुमों याला उडताना वेळ पाहता यावी म्हणून १९०४ मध्ये ‘सान्तोस’ घडले. १९१७ मध्ये लुई कार्टिए यांनी ‘टँक’चे रेखाटन केले. वरून पाहिल्यावर रणगाडा जसा दिसतो, तशी दोन्ही बाजूंच्या समांतर पट्ट्यांची ही आयताकृती रचना होती. दोन वर्षांनी ते विक्रीला आले. गोल ड्रेस वॉचचा साचा पक्का केला तो पाटेक फिलिपच्या ‘कॅलट्राव्हा’ने. १९३२ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या मॉडेलचा, म्हणजे ‘रेफरन्स ९६’चा व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर होता. आज या मापाचे घड्याळ दुकानात बायकांच्या काचपेटीत मिळेल. तेव्हा ते पुरुषांचे नेहमीचे माप होते.

म्हणजे आज ज्यांना आपण ड्रेस वॉचचे आदर्श मानतो, त्यांपैकी एक वैमानिकासाठी बनले आणि दुसऱ्याचा आकार रणगाड्यावरून आला.

यात भारताचा संबंध कुठे येतो?

या इतिहासातले सर्वांत रंजक प्रकरण भारतात सुरू होते. १९३०च्या सुमारास घड्याळांचे व्यापारी सेझार द त्रे भारतात आले होते. इथे ब्रिटिश अधिकारी पोलो खेळत आणि खेळताना चेंडू किंवा काठी लागून घड्याळाची काच फुटत असे. यावर काही उपाय काढता येईल का, अशी विचारणा त्यांच्याकडे झाली. स्वित्झर्लंडमधील जाक-डेव्हिड लकुल्त्र यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचली. फ्रेंच अभियंता रने-अल्फ्रेड शोव्हो यांनी चौकटीत सरकून उलटी होणारी घड्याळाची पेटी तयार केली आणि मार्च १९३१ मध्ये पॅरिसमध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. खेळताना घड्याळ उलटे करायचे, म्हणजे काच आत आणि धातूची पाठ बाहेर. हेच ‘रिव्हर्सो’.

पुढे या कोऱ्या पाठीवर नावे, कुलचिन्हे आणि मीनाकारीची चित्रे काढून घेण्याची पद्धत पडली. एका भारतीय स्त्रीचे मीनाकारी चित्र असलेले १९३०च्या दशकातील रिव्हर्सो प्रसिद्ध आहे. घोड्यावर बसून खेळताना वापरायचे हे घड्याळ आज जगभर सूटबरोबर घातले जाते. एखादे घड्याळ ड्रेस वॉच आहे की स्पोर्ट्स वॉच, हे त्या-त्या काळातली माणसे ठरवतात आणि पुढे बदलतातही, हे यातून दिसते.

मग ड्रेस वॉच मागे का पडले?

जुन्या पाश्चात्त्य शिष्टाचारात तर औपचारिक रात्रभोजाला घड्याळ घालूच नये, असे होते. यजमानासमोर वेळ पाहणे म्हणजे ‘कधी एकदा निघतो’ असे सुचवणे. घातलेच तर अगदी पातळ, कफखाली लपणारे घालावे. हा संकेत पडद्यावर ठळकपणे मोडला तो जेम्स बाँडने. १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये पांढऱ्या डिनर जॅकेटखाली शॉन कॉनरी यांच्या मनगटावर रोलेक्सचे ‘सबमरिनर’ हे पाणबुड्यांचे घड्याळ आहे.

दुसरा आणि मोठा धक्का तंत्रज्ञानाचा होता. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. महिन्याला केवळ पाच सेकंदांचा फरक, अशी त्याची अचूकता होती. पाहता पाहता सेलवरची स्वस्त घड्याळे सर्वत्र पसरली. स्विस घड्याळ उद्योगातील नोकऱ्या १९७०च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास होत्या. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या ३० हजारांच्या घरात आल्या. अचूक वेळेसाठी महागडे यांत्रिक घड्याळ घेण्याचे कारणच उरले नाही.

स्विस कंपन्यांनी मग महागड्या पोलादी घड्याळाची कल्पना पुढे रेटली. १९७२ मध्ये जेराल्ड जेंटा यांनी आखलेले ऑदमार पिगे कंपनीचे ‘रॉयल ओक’ आले. पोलादी असूनही त्याची किंमत सोन्याच्या अनेक घड्याळांपेक्षा जास्त होती. १९७६ मध्ये जेंटा यांचेच पाटेकसाठीचे ‘नॉटिलस’ आले. ही घड्याळे सूटवरही चालत आणि पोहतानाही. पुढे कार्यालयांतून टाय गेला, मग सूटही गेला. एकच पोलादी घड्याळ सगळीकडे चालू लागल्यावर दुसऱ्याची गरज कमी झाली. आता त्या जागेवर स्मार्टवॉचही आले आहे. अलीकडच्या काही वर्षांत मात्र लहान आणि पातळ घड्याळांकडे पुन्हा ओढा दिसतो. कार्टिएसारख्या नावांची मागणी वाढली आहे आणि ४४ मिलिमीटरच्या अवजड घड्याळांचा बहर ओसरला आहे.

पातळ घड्याळ बनवणे इतके अवघड का?

ड्रेस वॉच साधे दिसते, म्हणून ते स्वस्त असायला हवे, असे अनेकांना वाटते. पातळपणा हा मात्र अभियांत्रिकीतला कठीण प्रश्न आहे. यांत्रिक घड्याळात स्प्रिंग, चाकांची रांग, दोलनचक्र आणि काटे हे सगळे एकमेकांवर रचलेले असते. प्रत्येक भागात काही हलण्यापुरती मोकळी जागा लागते. चाके पातळ केली तर ती वाकतात. स्प्रिंगची उंची कमी केली तर तिच्यात साठणारी ऊर्जा घटते. मागचे झाकण पातळ केले तर मनगट दाबले जाताच ते आत दबून यंत्राला टेकू शकते.

पियाजे कंपनीने १९५७ मध्ये ‘९पी’ हे केवळ दोन मिलिमीटर जाडीचे चावीचे यंत्र बनवले. २०१८ मध्ये याच कंपनीने पूर्ण घड्याळच दोन मिलिमीटरचे करून दाखवले. त्यासाठी मागचे झाकण आणि यंत्राचा तळ हे दोन वेगळे भाग न ठेवता एकच केले. त्यानंतर ही स्पर्धा दोन मिलिमीटरच्याही खाली गेली.

या स्पर्धेत एक भारतीय नावही आहे. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये स्थापन केलेल्या टायटनने २००२ मध्ये ‘एज’ हे क्वार्ट्झ घड्याळ आणले. त्याचे यंत्र १.१५ मिलिमीटर आणि संपूर्ण घड्याळ ३.५ मिलिमीटर जाडीचे होते. एवढ्या जाडीत सेल, मोटर, काटे, काच आणि पाणी आत न शिरण्याची सोय बसवलेली होती. विदेशी नाव पाहूनच ड्रेस वॉच निवडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कुर्ता, शेरवानी आणि नऊवारीला हा नियम लागू पडतो का?

ड्रेस वॉचचे सगळे संकेत एका विशिष्ट कपड्यावर उभे आहेत. तो म्हणजे घट्ट कफ असलेला शर्ट आणि त्यावर कोट. आपल्याकडे समारंभाचा पुरुषी पोशाख अनेकदा कुर्ता, जोधपुरी किंवा शेरवानी असतो. कुर्त्याची बाही सैल असते, ती बरेचदा वर सरकवलेली असते आणि तिच्याखाली ४० किंवा ४१ मिलिमीटरचे घड्याळही अडत नाही. म्हणजे ‘कफखाली सरकले पाहिजे’ हे पातळपणाचे मूळ कारणच इथे बऱ्याच अंशी गैरलागू ठरते.

मुंज, साखरपुडा, लग्न, वास्तुशांत अशा कार्यात घड्याळ एक दागिना म्हणूनच पाहिले जाते. त्यामुळे आपल्याकडे सोनेरी घड्याळ धातूच्या पट्ट्यासह घालण्याची पद्धत जुनी आहे. पाश्चात्त्य पुस्तकी नियमात ती बसत नाही. इथल्या जरीकाठाबरोबर आणि सोन्याच्या अंगठीबरोबर मात्र ती शोभते. पूजेला किंवा होमाला बसायचे असेल तर चामड्याचा पट्टा अनेक घरांत चालत नाही, हाही व्यवहारातला मुद्दा आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या वळणावर येतो. हिरवा चुडा, पाटल्या आणि तोडे असलेल्या हातावर घड्याळाला जागाच नसते. बांगड्यांचा सततचा घास काचेवर आणि मुलाम्यावर ओरखडे पाडतो. त्यामुळे एका हातात बांगड्या आणि दुसऱ्या हातात लहान घड्याळ, ही रूढ पद्धत केवळ दिसण्यासाठी नाही, ती घड्याळ टिकवण्यासाठीही योग्य आहे. पैठणी किंवा नऊवारीबरोबर लहान, बांगडीसारख्या पट्ट्याचे घड्याळ शोभून दिसते आणि ते महाग असण्याची गरज नसते.

पाऊस, घाम आणि ‘३० मीटर’ची गफलत

बहुतेक ड्रेस वॉचच्या पाठीवर ‘३ एटीएम’ किंवा ‘३० मीटर’ असे लिहिलेले असते. ते घालून ३० मीटर खोल जाता येते, असा याचा अर्थ नाही. प्रयोगशाळेत स्थिर पाण्याच्या तेवढ्या दाबाला घड्याळाचा नमुना टिकला, एवढेच ते सांगते. हात धुताना उडणारे पाणी, चार थेंब पाऊस इथपर्यंत ठीक. पोहणे, अंघोळ, धबधब्याखाली जाणे हे टाळायला हवे. शिवाय पाणी अडवणारे रबर काही वर्षांत कडक होते. जुन्या घड्याळावर काहीही लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत चामड्याचा पट्टा हा सर्वांत कच्चा दुवा असतो. घामाने तो आतून काळा पडतो, वास येतो आणि पावसाळ्यात कपाटात ठेवल्यास बुरशी धरतो. समारंभ संपल्यावर घड्याळ तसेच डबीत बंद न करता पट्टा मऊ फडक्याने पुसून रात्रभर पंख्याच्या वाऱ्यावर ठेवला तर तो बराच जास्त टिकतो. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवणे हा चांगला आणि जवळजवळ फुकटचा उपाय. मे महिन्यातल्या लग्नासाठी घड्याळ घेणार असाल, तर धातूचा पट्टाही बसवता येईल असे मॉडेल सोयीचे.

क्वार्ट्झ, ऑटोमॅटिक की चावीचे?

कधीमधीच घालायच्या घड्याळासाठी हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

क्वार्ट्झ म्हणजे सेलवरचे घड्याळ कधीही उचला, वेळ बरोबर असते. ते पातळही असते आणि स्वस्तही. एकच पथ्य पाळायचे. सेल संपल्यावर तो आत तसाच ठेवू नये. संपलेला सेल गळू लागला तर आतले सर्किट खराब होते. वर्षानुवर्षे ड्रॉवरमध्ये पडलेली अनेक घड्याळे यामुळेच बाद होतात.

ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीने चालत राहते. ते काढून ठेवले की साधारण दोन दिवसांत बंद पडते. महिन्यानंतर घालायचे म्हटले की वेळ, तारीख, काहींत वारही लावत बसावे लागते. त्यातही अनेक यंत्रांत रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलली तर चाकांना इजा होऊ शकते, कारण त्या वेळी तारीख पुढे सरकवणारे दात एकमेकांत गुंतलेले असतात. बंद पडलेले घड्याळ दिवस दाखवते आहे की रात्र, हे तबकडीवरून कळत नाही, म्हणून आधी काटे सहावर आणून मगच तारीख लावणे सुरक्षित.

चावीच्या घड्याळात अशी कटकट नसते. घालण्याआधी अर्धा मिनिट चावी द्यायची, वेळ लावायची, झाले. ऑटोमॅटिकमधला फिरणारा वजनदार भाग नसल्याने ते पातळही राहते. तारीख नसलेले ड्रेस वॉच चांगले, या म्हणण्यामागची तांत्रिक सोय ती हीच. लावायला एकच गोष्ट उरते. मात्र यांत्रिक घड्याळ न वापरताही आतले वंगण कालांतराने सुकते. साधारण पाच वर्षांनी सफाई आणि तेलपाणी करावे लागते. खरेदी करताना हा खर्च धरलेला नसतो.

वडिलांचे एचएमटी ‘ड्रेस वॉच’ ठरते का?

हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळूरुत घड्याळांचा कारखाना सुरू केला. पुढची किमान दोन दशके मध्यमवर्गीय घरात पहिले घड्याळ म्हणजे एचएमटी, हे समीकरण होते. दहावी पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्नात जावयाला किंवा निवृत्तीच्या निरोपसमारंभात हेच दिले जाई. क्वार्ट्झच्या लाटेत एचएमटी मागे पडली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

या कंपनीचे ‘जनता’ ड्रेस वॉचच्या खुणांशी ताडून पाहिले तर बहुतेक खुणा जुळतात. व्यास ३५ मिलिमीटरच्या आसपास, साधी तबकडी, चावीचे यंत्र, तारीख नाही. ज्या घराच्या कपाटात असे घड्याळ पडून आहे, त्या घरातल्या मुलाने हप्त्यावर नवे ड्रेस वॉच घेण्याआधी ते एकदा घड्याळजीकडे नेऊन दाखवायला हवे. यंत्र गंजलेले नसेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर दुरुस्ती, नवी काच आणि नवा पट्टा मिळून होणारा खर्च बहुधा नव्या घड्याळाच्या तुलनेत किरकोळ असतो. मात्र घड्याळजीला आधीच सांगावे : तबकडी रंगवू नका, केसला पॉलिश करू नका, बदललेला प्रत्येक भाग परत द्या. तबकडीवरचा पिवळेपणा आणि केसवरचे ओरखडे एकदा गेले की परत येत नाहीत.

जुनी घड्याळे विकत घेताना ‘मुंबई स्पेशल’ काय असते?

घरात जुने घड्याळ नाही म्हणून अनेक जण ते विकत घेतात. इथे सावध राहायला हवे. जुन्या एचएमटी, फावर-ल्यूबा किंवा सेको घड्याळांची तबकडी नव्याने रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून ती ‘व्हिंटेज’ म्हणून विकली जातात. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचे नाव असे रूढ व्हावे, ही अभिमानाची गोष्ट नाही. पण त्याच शहरात एकेक जुने यंत्र जिवंत ठेवणारे निष्णात कारागीरही आहेत. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर जे हाती आहे त्यातून घड्याळ चालू करणे, हा एकेकाळी गरजेचा व्यवसाय होता. खोट रंगवण्यात नाही, रंगवलेले मूळ म्हणून विकण्यात आहे.

ओळखायचे कसे? भडक केशरी, गुलाबी किंवा पोपटी तबकडी दिसली तर शंका घ्यावी. तबकडीवरची अक्षरे भिंगातून पाहावीत. मूळ छपाई रेखीव असते, नव्याने केलेली अक्षरे जाड, वाकडी किंवा पसरलेली दिसतात. मिनिटांच्या रेषा कडेला समान अंतरावर आहेत का, हे पाहावे. काट्यांची लांबी तबकडीला जुळत नसेल तर ते दुसऱ्या घड्याळाचे असण्याची शक्यता असते. मागचे झाकण उघडून यंत्राचा फोटो मागावा. विक्रेता तो देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. पन्नास वर्षांचे घड्याळ नव्यासारखे चकाकत असेल, तर त्याचे कारण विचारलेच पाहिजे.

मग निर्णय कसा घ्यायचा?

एक साधे गणित मांडून पाहता येते. समजा, २० हजार रुपयांचे ड्रेस वॉच घेतले आणि वर्षातून पाच वेळा घातले. दहा वर्षांत ते ५० वेळा मनगटावर येईल, म्हणजे प्रत्येक वेळेचा खर्च ४०० रुपये. यांत्रिक असेल तर मधल्या सफाईचा खर्च वेगळा. तेवढ्याच पैशांचे रोजचे घड्याळ वर्षातून २५० दिवस घातले, तर हाच खर्च दिवसाला आठ रुपये पडतो. आवडीच्या वस्तूचे मोल केवळ भागाकाराने ठरत नाही हे खरे. पण हप्ता भरताना हा आकडा समोर असलेला बरा.

वकिली, बँकिंग, आदरातिथ्य अशा क्षेत्रांत रोज औपचारिक कपडे घालणाऱ्यांसाठी ड्रेस वॉच हेच रोजचे घड्याळ ठरते. त्यांनी तिथे पैसे घालणे योग्यच. ज्यांच्या कपाटात दोन-तीन जाडजूड स्पोर्ट्स वॉच आहेत आणि चौथे घ्यायचे मनात आहे, त्यांच्यासाठीही पातळ, साधे घड्याळ हा चांगला बदल आहे. किमान एकसारखीच घड्याळे जमा होत नाहीत. ज्यांच्याकडे एकच पोलादी, साध्या तबकडीचे, ४० मिलिमीटरच्या आतले घड्याळ आहे, त्यांना वेगळ्या ड्रेस वॉचची गरज बहुधा नसते. त्याच घड्याळाला समारंभाच्या आदल्या दिवशी काळा चामड्याचा पट्टा लावला तरी काम भागते. आणि ज्यांचे मनगट स्मार्टवॉचने व्यापले आहे, त्यांनी निदान मुहूर्ताच्या वेळी तरी सूचनांचा आवाज आणि थरथर बंद ठेवावी.

विकत घ्यायचेच ठरले तर दुकानात जाताना समारंभात घालणार तोच शर्ट किंवा कुर्ता घालून जावे. पट्टा जिथे जोडला जातो ती वरची आणि खालची टोके मनगटाच्या बाहेर जाता कामा नयेत. केवळ व्यासाच्या आकड्यावरून हे कळत नाही. जाडी दहा मिलिमीटरच्या आत असावी. सेल बदलणे किंवा दुरुस्ती आपल्या शहरात होते का, हे बिल करण्याआधी विचारावे. आणि घरी जुने घड्याळ असेल, तर दुकानाच्या आधी घड्याळजीकडे एक फेरी मारावी. ते दुरुस्त होण्यासारखे आहे की नाही, हे तो झाकण उघडल्यावर काही मिनिटांत सांगू शकतो.